अखंड, आवर्ती आणि पारणे

प्रबंध लिहिताना लागलेली 'आम्ही' म्हणण्याची सवय प्राध्यापकांना पुढे आयुष्यभर सुटत नाही. एकटाच माणूस टेबलाशी बसलेला असतो आणि 'आम्हांस असे वाटते' असे लिहीत असतो. प्रस्तुत लेखातला 'आम्ही' मात्र खरोखरच अनेकवचनी आहे. आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही मराठीचे अध्यापक, दोघांचीही पंचेचाळिशी उलटलेली. घर विठ्ठलवाडीला. सकाळी एक जण कर्जतच्या दिशेची गाडी पकडतो आणि दुसरी ठाण्याच्या दिशेची. संध्याकाळी पुन्हा त्याच पुलावर, त्याच गर्दीत, हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन भेट होते. घरात तिसरी व्यक्ती म्हणजे आई. मुरबाडकडची, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तांदळाच्या भाकरीवर वाढलेली आणि वाढवलेली.

हे सारे आधी सांगावे लागते, कारण पुढचा विषय चरबीचा आहे आणि चरबी ही अगदी खाजगी गोष्ट मानली जाते. ती तशी नाही, असे आम्हांला उशिरा कळले.

मार्च २०२५ मध्ये परीक्षांची गडबड संपता संपता दोघांनी रक्त तपासून घेतले. 'तो' अठ्ठ्याऐंशी किलो. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या चाचणीचा आकडा ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. 'ती' एकाहत्तर किलो. बाकी अहवाल ठीक, पण गुडघे पुलाच्या पायऱ्यांवर तक्रार करणारे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, कसे ते तुम्ही ठरवा, फक्त मला सांगून करा. गोळ्या अजून नव्हत्या. साखरेच्या काही गोळ्या चालू असताना असला आहार परस्पर सुरू केला तर रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतू शकते, हे त्यांनी तेव्हाच बजावले.

महाराष्ट्रात ह्या बाबतीत मार्गदर्शनाची वाण नाही. डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांच्या व्याख्यानांतून निघालेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी गावोगाव नेलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत काही वर्षांपूर्वी प्रत्येक स्टाफरूममध्ये पोचली होती. पंचावन्न मिनिटांत जेवण आटोपायचे आणि मध्ये काही तोंडात टाकायचे नाही, हा तिचा नियम. तासिकांच्या वेळापत्रकात जगणाऱ्या माणसांना पंचावन्न मिनिटांचा नियम पटकन कळला, ह्यात नवल नाही. आम्हीही तो करून पाहिला होता आणि परीक्षेच्या काळात सोडला होता. ह्या वेळी त्याने ठरवले ते कीटो. तिनेही तेच, पण एका फरकाने, आणि हा लेख त्या फरकाविषयी आहे.

कीटोची मूळ कल्पना थोडक्यात अशी. दिवसभरातली कर्बोदके, म्हणजे भात-भाकरी-साखर-फळे, वीस ते पन्नास ग्रॅमपर्यंत खाली आणायची, सत्तर टक्क्यांहून अधिक उष्मांक स्निग्ध पदार्थांतून घ्यायचे, प्रथिने बेताची. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली साखर एक-दोन दिवसांत ओसरू लागते; मग यकृत चरबीपासून कीटोन तयार करते आणि मेंदूसकट सगळा देह बराचसा त्यावर चालतो. ह्यातला सर्वसाधारण प्रकार तो की ज्यात हा नियम दिवसामागून दिवस, खंड न पाडता पाळायचा. दुसरा चक्राकार: पाच-सहा दिवस कीटो आणि मग एक-दोन दिवस मुद्दाम भरपूर कर्बोदके खाऊन स्नायूंतली कोठारे पुन्हा भरायची. इंग्रजी नावे जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही त्यांचे मराठीकरण केले. त्याचा तो 'अखंड', तिचा तो 'आवर्ती'. आणि आवर्तीतल्या त्या भरपूर खाण्याच्या दिवसाला नवा शब्द घडवण्याची गरजच पडली नाही. मराठीत तो होता: पारणे.

शब्दांच्या नादाने थोडे विषयांतर करतो. उपवासाच्या पदार्थाला आपण 'फराळ' म्हणतो, तो शब्द 'फलाहार' ह्याचा झिजलेला अवतार आहे. फळे गेली, आहार राहिला, आणि तो राहता राहता दिवाळीच्या चकल्यांपर्यंत आला. एकादशीचे आमच्या घरचे ताट पाहावे. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची: ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज जहाजे हिंदी महासागरात शिरण्यापूर्वी ती इथे नव्हती. म्हणजे ज्या काळात वारकरी पंढरीच्या वाटेला लागले, त्या काळात त्यांच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असणे शक्यच नव्हते. वरईचे तांदूळ तेवढे जुने. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कर्बोदके असतात. उरलेले जवळजवळ सगळे पाणी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कुणा आहारतज्ज्ञाने केलेली नाही, पण तिच्यात आहारशास्त्र पुरेपूर आहे.

गंमत अशी की कीटोचा जन्मही उपवासाच्याच पोटी झालेला आहे. उपाशी ठेवले की अपस्माराचे झटके कमी होतात, हे जुने निरीक्षण होते. पण रोग्याला, त्यातून लहान मुलाला, किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर ह्यांनी सुचवले की भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प कर्बोदके असा आहार दिला, तर पोट भरलेले असूनही शरीराची स्थिती उपवासाचीच राहील. वजनाचा तिथे संबंध नव्हता. वजनासाठी पाव, साखर, बिअर, बटाटे वर्ज्य करण्याचा सल्ला लंडनच्या विल्यम बँटिंगने १८६३ च्या आपल्या पुस्तिकेत दिला होता. पेशाने तो अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा गृहस्थ, आणि पुस्तिका इतकी खपली की त्याच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. हे दोन प्रवाह पुढे विसाव्या शतकात, विशेषतः १९७२ साली आलेल्या डॉ. अ‍ॅटकिन्स ह्यांच्या पुस्तकानंतर, एकत्र मिसळले. आम्हांला मात्र वाइल्डरची कल्पना मनोमन आवडली. कीटोत शरीराला उपवास घडतो आणि मनाला पत्ता नसतो. साबुदाण्याच्या एकादशीत मनाला उपवास घडतो आणि शरीराला पत्ता नसतो.

पाडवा ३० मार्चला होता. श्रीखंड-पुरी खाऊन घेतली आणि ७ एप्रिलच्या सोमवारी आम्ही सुरुवात केली.

अखंडवाल्याचे पहिले तीन दिवस बदलापूर लोकलमध्ये डोके धरून गेले. साखर कमी झाली की इन्शुलिन उतरते, आणि इन्शुलिन उतरले की मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकू लागतात. डोकेदुखी, पायांत गोळे, उगाच चिडचिड हे त्यामुळे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मिठाचे पाणी घेतल्यावर ते ओसरले. चौथ्या-पाचव्या दिवशी आई म्हणाली, "तोंडाला कसला रे वास येतो, औषधासारखा?" तो अ‍ॅसिटोनचा वास, कीटोन तयार होऊ लागल्याची खूण. त्याला कोण आनंद झाला. आईला झाला नाही.

आणि पहिल्या आठवड्यात काटा तीन किलोंनी खाली! येथे थांबून सांगितले पाहिजे, कारण ह्याच ठिकाणी बहुतेक लोक फसतात. यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंत चारशे ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कोठार रिकामे झाले की पाणीही जाते. म्हणजे त्या तीन किलोंपैकी दोन-अडीच किलो पाणीच होते. चरबी इतक्या घाईने कुणाची जात नाही. एक किलो चरबीत सात हजारांहून अधिक उष्मांक असतात, ते सात दिवसांत तीनदा कसे जाळणार? आवर्तीवालीच्या वहीत हे अधिक स्पष्ट दिसे. शुक्रवारी तिचे वजन ६९.२ तर सोमवारी सकाळी ७०.८, पुढच्या शुक्रवारी ६८.७, सोमवारी ७०.१. हा दर आठवड्याचा चढउतार पाहून पहिल्या महिन्यात ती दोनदा रडली, हे लिहिण्यास तिची परवानगी घेतली आहे.

तिने आवर्ती का निवडले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. शास्त्रीय कारण असे सांगतात की अवजड व्यायामाला स्नायूंतली साखर लागते. अखंड कीटोत ती रिकामी राहते म्हणून वजने उचलणाऱ्यांनी मध्ये भरून घ्यावी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही पद्धत शरीरसौष्ठवाच्या जगातूनच लोकप्रिय झाली. आमच्या घरातला अवजड व्यायाम म्हणजे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे स्टेशनच्या पुलावरून नेणे. तेव्हा स्नायूंचे कारण सोडून द्यावे. खरे कारण रविवार हे होते. रविवारी सकाळी शेजारच्या सिंधी काकूंकडून दाल-पकवान येते. १९४९ साली फाळणीतून आलेल्या लोकांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या छावणीतल्या न्याहाऱ्या आता आमच्याही न्याहाऱ्या आहेत. पंचवीस वर्षे येणारी ती ताटली परत कशी पाठवायची? त्यातही तांत्रिक अडचण होतीच. आवर्तीच्या शास्त्रानुसार पारण्याच्या दिवशी कर्बोदके भरपूर पण स्निग्ध अगदी कमी हवे. तळलेले पकवान दोन्ही बाजूंनी गुन्हेगार. तिने ते खाल्ले. त्या दिवशीच्या नोंदीत 'भात, बटाटा' असे लिहिले.

तो एप्रिल-मे आंब्याचा होता. एका मध्यम हापूसमध्ये त्याची जवळजवळ सगळ्या दिवसाची मर्यादा निघून जाई. आई दर वर्षी आमरसाच्या वाट्या मोजून ठेवते. ह्या वर्षी सोमवार ते शनिवार त्या वाट्या फडताळातच राहिल्या आणि रविवारी एकच, सुनेची, बाहेर निघे. मुलगा समोर बसून पनीर परतून खाई. आईने एकदाच विचारले, "बाळा, एक वाटीने काय होतं?" त्याने काय होते ते समजावून सांगितले, इन्शुलिन, यकृत, सगळे. व्याख्यान वीस मिनिटांचे झाले असावे. आई ऐकत होती. पुढे तिने विचारले नाही.

जून अखेरीस व्यायामशाळेतल्या यंत्रावर शरीराची मोजणी केली. विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधणारे ते यंत्र पाण्याच्या कमी-जास्तीने फसते, हे माहीत असूनही मोजणीचा मोह होतोच. अखंडवाला ८८ वरून ८१.५, त्यातली चरबी अंदाजे साडेचार किलो. आवर्तीवाली, सोमवारी मोजलेली, ७१ वरून ६६.५, त्यातली चरबी चार किलोंहून थोडी अधिक. कंबरेचा फरक दोघांचा सारखाच, दोन बोटांचा. वजनातला दोन किलोंचा जो फरक त्याच्या बाजूने होता, तो बहुतांशी पाण्याचा होता. म्हणजे चरबीच्या बाबतीत अखंड आणि आवर्ती ह्यांत डावे-उजवे करण्यासारखे आमच्या घरात काही निघाले नाही. दोघांचेही जे काही गेले ते एकाच कारणाने: दोघेही पूर्वीपेक्षा कमी खात होतो. फरसाण, दुपारचा समोसा, चहातली साखर, पुलाखालचा वडापाव, हे सगळे 'कर्बोदके' ह्या एका नावाखाली हद्दपार झाले होते.

संशोधनही ह्याहून फार निराळे बोलत नाही. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सतरा जाड्या पुरुषांना निवासी देखरेखीखाली ठेवून चार आठवडे नेहमीचा आणि पुढचे चार आठवडे तेवढ्याच उष्मांकांचा कीटो आहार दिला होता. कीटोवर इन्शुलिन झपाट्याने उतरले, वजनही उतरले, पण चरबी जाण्याचा वेग काही वाढला नाही. २०१८ मधल्या स्टॅनफर्डच्या चाचणीत सहाशे नऊ जण होते; वर्षाअखेर कमी स्निग्ध खाणाऱ्यांचे सरासरी ५.३ किलो आणि कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे ६ किलो वजन उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नव्हता. चक्राकार कीटोची एक चाचणी चेक संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. पंचवीस निरोगी तरुण, आठ आठवडे, व्यायामासह. एका गटाला चक्राकार कीटो, दुसऱ्याला साधा समतोल पण कमी आहार. वजन दोन्ही गटांचे उतरले. मात्र समतोल गटाची मुख्यतः चरबी गेली, तर चक्राकार गटाची चरबी, पाणी आणि मांस असे तिन्ही. आणि ताकद वाढली ती समतोल गटाची. ज्या स्नायूंसाठी चक्र फिरवायचे, त्यांनाच चक्राचा फायदा झाला नाही.

शिवाय पारणे झाल्यावर पुन्हा कीटोच्या स्थितीत जायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे तिचे खरे कीटो आठवड्यातून जेमतेम तीन दिवसांचे. त्याने ते हिशोब करून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "अहो, आणि तुमचं ते कोलेस्टेरॉल?" हेही खरेच. त्याची साखर ६.१ वरून ५.७ झाली होती, पण वाईट म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल १२८ वरून १६४. काहींच्या बाबतीत असे होते, विशेषतः लोणी, तूप, मलई ह्यांवर भर असला की. दोघांच्याही बाजूने आणि विरुद्ध पुरेसा पुरावा जमल्यावर जो वाद सुरू झाला, तो आम्ही एम.ए.च्या वर्गात परंपरा आणि प्रयोग ह्यांवर घालतो तसाच होता. अखंडवाल्याचे म्हणणे, रोज ठरवावे लागत नाही हेच व्रताचे सुख. नाही म्हणजे नाही. आवर्तीवालीचे म्हणणे, परत येण्याचा दिवस माहीत असेल तरच माणूस दूर जातो. तिचे म्हणणे ऐकायला चांगले वाटते, पण शनिवारी संध्याकाळी तिच्या डोळ्यांत जी अधीरता दिसे ती काही परतीची नव्हती. चार वाट्या भात ती जेवणासारखा खात नसे. कोठार भरल्यासारखा भरत असे. पारण्याचेही कामच झाले होते.

ह्या वादासाठी आधार शोधता शोधता चरकसंहिता उघडली होती. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांची गणना आहे. फार उंच, फार ठेंगू, फार केसाळ वगैरे. त्यातल्या दोघांचा विचार चरक विस्ताराने करतो: अतिस्थूल आणि अतिकृश. एका अध्यायात, शेजारी शेजारी. आम्ही एप्रिलमध्ये त्यातला अतिस्थूलाचा भाग वाचला, त्याची टिपणे काढली, आणि पुस्तक मिटले.

२०२५ ची आषाढी ६ जुलैला आली, रविवारी. आवर्तीवालीचे पारणे आणि विठ्ठलाची एकादशी एकाच दिवशी! विठ्ठलवाडीत राहून ह्याहून चांगला योग कोणता? तिने दोन वाट्या खिचडी हक्काने खाल्ली. अखंडवाल्याने शेंगदाणे आणि नारळाचा तुकडा घेतला. उपवासालाही चालते आणि कीटोलाही, असे दुहेरी पुण्य मिळवल्याच्या आविर्भावात. आई देवासमोर बसून होती. संध्याकाळी ती मोरीत भांडी विसळत होती. मदतीला गेलेल्या सुनेने पाहिले, की आईच्या हातातली सोन्याची बांगडी घसरून पाण्यात पडली. आईने ती उचलली, धुतली आणि हातात न घालता पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. हालचाल सवयीची होती. म्हणजे ती पहिल्यांदा पडली नव्हती.

"आई, कधीपासून सैल झाली ही?"

"झाले की दोन महिने. म्हातारपणी हातांना काय राहतं?"

काटा बैठकीत भिंतीला टेकून उभाच होता. तीन महिन्यांत आम्ही दोघे मिळून त्यावर पन्नास-साठ वेळा चढलो असू. आईला त्यावर उभे केले. ४०.८. आदल्या दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयातल्या कागदावर ४६ लिहिलेले होते; तो कागद फायलीत सापडला. वहीत आमचे दोन स्तंभ होते, तारीखवार, शंभर-शंभर ग्रॅमच्या चढउतारांसह. तिसरा स्तंभ नव्हता.

मग स्वयंपाकघर नीट पाहिले. आम्ही ते रोज वापरत होतो, पण आमचे कप्पे वेगळे झाले होते: पनीर, अंडी, तूप, अक्रोड, मोजणीचा छोटा काटा. खालच्या फळीवर तांदळाच्या पिठाचा डबा होता. पिठात जाळी धरली होती. एप्रिलमध्ये भरलेली दहा किलो तांदळाची पिशवी अर्ध्याहून अधिक शिल्लक, आणि त्यातलाही बराच भात रविवारी सुनेच्याच पोटात गेलेला. टोस्टचे रिकामे पुडे मात्र घडी घालून ठेवलेले, आई काही फेकत नाही. बाकीचे तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितले, तेही दोन-तीन दिवस लागून. दुपारी आम्ही दोघे बाहेर. रात्री दोघांचे दोन प्रकार. "एकटीसाठी काय कुकर लावायचा? आणि भाकरी एक थापायची म्हणजे पीठ मळायलाही लाज वाटते." मग चहा-टोस्ट. कधी मेतकूट-भात, कधी तोही नाही. पनीर तिने एकदा खाऊन पाहिले होते. "ते रबर" असे तिचे त्यावरचे संपूर्ण परीक्षण.

डॉक्टरांनी थायरॉइड, साखर, छाती, पोट सगळे तपासले. म्हाताऱ्या माणसाचे सहा महिने-वर्षात पाच टक्क्यांहून अधिक वजन आपोआप उतरले, तर ते थकव्यावर सोडून देऊ नये, असे ते म्हणाले. आईचे अकरा टक्क्यांहून अधिक उतरले होते. अहवाल सगळे ठीक आले. "जेवत नाहीत त्या, एवढंच," डॉक्टर म्हणाले, आणि आमच्याकडे पाहून पुढे काही बोलले नाहीत. त्याच केबिनमध्ये पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी आमच्या कंबरांचे कौतुक केले होते.

घरी येऊन चरकातला तो अध्याय पुढे वाचला. कृशाची चिन्हे त्याने बारकाईने दिली आहेत. वर्गात आम्ही 'उपवास' ह्या शब्दाची फोड दर वर्षी सांगतो, उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. विद्यार्थी लिहून घेतात.

ह्यात कीटोचा दोष किती, असे कुणी विचारील. पद्धतीचा फार थोडा. आवर्तीही तेवढीच दोषी, अखंडाइतकीच. किंबहुना रविवारी आईच्या शेजारी बसून चार वाट्या भात खाणाऱ्या माणसाला शेजारच्या ताटात काय आहे ते दिसले नाही, हे अधिक विचित्र. आपल्या ताटाकडे पाहण्याची इतकी सवय लागली होती. घरात पीठ मळले जाते ते चार भाकऱ्यांसाठी. त्यातली एक आईची असते, हे आम्ही तिन्ही वेळच्या उष्मांकांचा हिशोब मांडताना धरलेच नव्हते.

जुलैपासून रात्रीचे जेवण एक केले. तो एक भाकरी खातो, कधी दीड. ती दोन्ही वारांची गणिते सोडून रोजच एक. वरण, पालेभाजी, काकडी, कधी मासे. तूप चमच्याने, वाटीने नाही. समोसा आणि साखरेचा चहा परत येऊ दिलेला नाही. त्याचे वजन पहिल्याच आठवड्यात दोन किलोंनी वाढले, आणि ह्या वेळी ते पाणी आहे हे माहीत असूनही त्याने एक दिवस मौन पाळले. नंतर ते हळूहळू पुन्हा उतरू लागले. महिन्याला अर्धा किलो, कधी काहीच नाही. ऑक्टोबरमध्ये त्याची साखर ५.८ होती, कोलेस्टेरॉल १३१. ती ६६ वरच आहे, आणि पूल एका दमात चढते.

आईला दुपारी सोबत म्हणून सिंधी काकू येऊन बसतात. त्यांच्या डब्यातली साईभाजी आणि आईच्या भाकऱ्या असा काही करार झालेला दिसतो. त्याच्या अटी आम्हांला सांगितलेल्या नाहीत.

दिवाळी झाल्यावर आईला पुन्हा काट्यावर उभे केले. ४३.१. शस्त्रक्रियेनंतर तिला दूरचे स्वच्छ दिसते, पण पायांजवळचा आकडा अजून धूसर. ती भिंतीला हात लावून खाली पाहत राहिली.

"किती?"

"सव्वादोन किलोंनी वाढलंय."

"बाई गं," ती उतरत म्हणाली, "म्हणजे आता ते रबर मला खावं लागणार की काय?"